भुकेल्या देहाचा पहारा

लहान मुलाला क्षयाची बाधा झाली असावी अशी शंका आली म्हणजे डॉक्टर त्याच्या हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन नावाच्या द्रवाचा एक बारीकसा थेंब टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी ती जागा पाहतात. क्षयाच्या जंतूंशी ज्या शरीराची पूर्वी गाठ पडलेली असते, ते शरीर ह्या थेंबाला ओळखते. टोचलेली जागा लाल होते, फुगते, बोटाला कठीण लागते. ह्यालाच मँटू चाचणी म्हणतात. चाचणी सोपी आहे, स्वस्त आहे, आणि एरवी बऱ्यापैकी विश्वासाची आहे.

आता असे एक मूल डोळ्यांपुढे आणा की ज्याचे केस विरळ आणि तांबूस झाले आहेत, पायांवर सूज आहे, गालांची कातडी ताणलेली आहे आणि जे रडावयाचेसुद्धा कष्ट घेत नाही. घरात आजोबा वर्षभर खोकत आहेत. मुलाच्या छातीचे क्ष-किरण चित्र क्षय दाखवीत आहे. पण तिसऱ्या दिवशी पाहावे तर हात स्वच्छ! सूज नाही, लाली नाही. घाईच्या माणसाने म्हणावे, ह्याला क्षय नाही. खरी गोष्ट उलटी असते. जंतू आहेत, त्यांना ओळखून उठावयाचे बळ त्या देहात उरलेले नाही. ज्या मुलाला क्षयाचा धोका सर्वांत अधिक, त्याचाच हात निमूट राहतो.

हा निमूट हात कशामुळे, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास वैद्यकाला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या हैदराबादेत तयार झाला. तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. रस्त्याने जाणाऱ्याला ती एक सरकारी कचेरी वाटते. परंतु तिचा जन्म येथला नव्हे. तो निलगिरीच्या थंड हवेत, कुन्नूर येथे झाला.

१९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या लष्करी डॉक्टराने बेरीबेरी ह्या रोगाच्या चौकशीचे काम सुरू केले. वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली आपल्याकडे पाऊस फसला होता आणि त्याच साली इन्फ्लुएंझाची ती भयंकर साथ आली. दुष्काळ आणि साथ ह्या जोडीची ओळख आपल्या खेड्यापाड्यांना फार जुनी. दुष्काळामागून पटकी येते, देवी येतात, ताप येतो हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही. मात्र उपाशी माणसाला रोग का धरतो, ह्याचे कारण शहाण्यांनाही ठाऊक नव्हते. शक्ती कमी झाली, एवढे म्हणून सारे गप्प बसत.

मॅककॅरिसनने कबुतरांना, गिनीपिगांना आणि माकडांना जीवनसत्त्वे नसलेले अन्न देऊन पाहिले. कबुतरांच्या वाट्याला सडलेले, वाफेच्या भट्टीत तापवून निःसत्त्व केलेले तांदूळ आले. ती मेल्यावर त्याने त्यांचे एकेक इंद्रिय काढून तोलले आणि कोणते किती रोडावले ह्याची उतरती यादी १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. ह्या यादीत पहिला क्रमांक मेंदूचा नाही, हृदयाचा नाही, यकृताचाही नाही. सर्वांच्या आधी आणि सर्वांहून अधिक वाळते ती थायमस ग्रंथी. प्लीहाही वरच्या क्रमांकातच आहे. मेंदू अगदी शेवटी. अधिवृक्क ग्रंथी तेवढ्या वाढलेल्या.

ही थायमस म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेला एक मऊ गोळा. बाळपणी तो चांगला मोठा असतो आणि वयात आल्यावर हळूहळू झिजत जातो. म्हणून आपल्या परिभाषाकारांनी तिला यौवनलोपी ग्रंथी असे मोठे समर्पक नाव दिले आहे. खंगलेल्या मुलांत ही ग्रंथी वाळते हे लंडनच्या जॉन सायमन ह्या शल्यवैद्याने १८४५ मध्येच नोंदविले होते. पण ती करते काय? ह्याचा पत्ता सायमनला नव्हता आणि मॅककॅरिसनलाही नव्हता. कुन्नूरच्या त्या खोलीत, तराजूच्या पारड्यात, उपासमारीचे सर्वांत मोठे रहस्य पडलेले होते. मॅककॅरिसनने त्याचे वजन लिहून ठेवले आणि तो पुढच्या इंद्रियाकडे वळला. ह्यात त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रामाणिकपणे लिहून ठेवलेला आकडा चाळीस-पन्नास वर्षे वाट पाहू शकतो.

कुन्नूरची खोली वाढत गेली. १९२८ मध्ये तिची पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. मॅककॅरिसननंतर आलेल्या ऑक्रॉइड ह्यांच्या कारकीर्दीत, १९३७ साली, हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे ते प्रसिद्ध कोष्टक निघाले. आजही ज्वारी-बाजरीत लोह किती, हे सांगणारी पुस्तके त्याच वंशातली आहेत. पन्नाशीच्या दशकात डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे महाराष्ट्रीय शास्त्रज्ञ प्रयोगशाळेचे संचालक होते आणि १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली. हा नुसता पत्त्याचा बदल नव्हता. कुन्नूरला प्राणी होते. हैदराबादेत रुग्ण होते. उस्मानिया आणि निलोफर ह्यांसारख्या इस्पितळांचे शहर, आणि सभोवती ज्वारी खाणारे दख्खनचे पठार. आल्याबरोबर, १९६० मध्ये, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया ह्यांनी ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत दिसणाऱ्या पेलाग्रा रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन ह्या द्रव्याशी जोडला. भाकरीच्या भक्तांना ते ऐकून थोडे वाईट वाटेल. पण त्या बिचाऱ्यांच्या ताटात भाकरीखेरीज दुसरे काही नव्हते, दोष तेवढाच. हे प्रकरण आजच्या विषयाबाहेरचे आहे.

दरम्यान दूर अमेरिकेत आणि इंग्लंडात दोन गोष्टी घडल्या होत्या.

१९५२ साली ऑग्डेन ब्रुटन ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टराने आठ वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मुलाला पुन्हा पुन्हा रक्तदोषाचे जीवघेणे ताप येत. रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करण्याचे यंत्र तेव्हा नवे होते. त्यावर पाहता मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाचा अंश जवळजवळ नव्हताच, आणि जंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे असतात ती ह्याच अंशात. ब्रुटनने दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेला तो अंश मुलाला टोचला आणि ताप थांबले. प्रतिकारशक्ती ही मोघम ‘शक्ती’ राहिली नाही. तिचा एक सुटा भाग जन्मतःच नसू शकतो, तो नसला तर ठराविक प्रकारचे रोग होतात, आणि तो बाहेरून देता येतो, हे कळले.

दुसरी गोष्ट १९६१ ची. लंडनच्या एका कर्करोग संशोधन संस्थेत जॅक मिलर हा तरुण संशोधक उंदरांच्या रक्तकर्करोगाचा अभ्यास करीत होता. त्यासाठी तो नवजात पिलांची थायमस ग्रंथी काढून टाकी. शस्त्रक्रियेतून वाचलेली पिले काही आठवडे ठीक दिसत. मग खंगत, साध्या जंतुबाधेने मरत. त्यांच्या रक्तात लसीका पेशी फार थोड्या असत, आणि परक्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर बसविली तर ती बिनतक्रार चिकटून राही. परके आणि आपले हा भेदच त्यांच्या देहाला उरला नव्हता. निकामी समजली गेलेली ती ग्रंथी प्रतिकारक पेशींची शाळा आहे, हे असे उघड झाले. ह्या शाळेतून शिकून निघणाऱ्या पेशींना टी-पेशी म्हणतात. मँटू चाचणीत हातावर उठणारी सूज ही त्यांचीच करणी.

आता मॅककॅरिसनची यादी पुन्हा वाचावी. उपासमारीत सर्वांच्या आधी वाळते ती हीच शाळा.

हैदराबादच्या प्रयोगशाळेला १९६९ मध्ये, तिच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. डॉ. गोपालन तिचे संचालक होते. तेथे येणारी मुले दोन तऱ्हांची असत. काही सुकटीची, म्हणजे नुसती हाडे आणि कातडी उरलेली. काही सुजवटीची, म्हणजे अंगावर सूज आलेली. ह्या दुसऱ्या रोगाचे वर्णन सिसिली विल्यम्स ह्या डॉक्टरबाईंनी १९३३ मध्ये आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर केले आणि तेथल्या लोकांचेच नाव त्याला ठेवले: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड झाल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा रोग, असा त्याचा आशय आहे. आपल्या घरांतूनही हा रोग ह्याच वयात येतो. १९५९ मध्ये स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन ह्यांनी जगभरची निरीक्षणे एकत्र करून दाखविले की कुपोषण रोगाला बळ देते आणि रोग कुपोषणाला. ह्या चक्रात देहाच्या आत काय मोडते, हे पाहण्याचे काम उरले होते.

१९७२ मध्ये सेल्वराज आणि भट ह्या हैदराबादच्या संशोधकांनी कुपोषित मुलांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंसमोर ठेवल्या. पेशींनी जंतू गिळले. येथवर सारे ठीक. पण गिळलेल्या जंतूंना मारण्याचे काम त्यांच्याकडून नीट होईना. जंतू मारावयास पेशीला प्राणवायूपासून एक जहाल द्रव्य बनवावे लागते, त्यासाठी विशिष्ट विकर लागते, आणि भुकेल्या मुलांत त्या विकराचे काम मंदावलेले होते. जन्मतःच हे विकर बिघडलेली मुले जगात थोडी असतात. त्यांच्या रोगाचे वर्णन अमेरिकेत १९५० च्या दशकात झाले आणि मूळ दोष त्यानंतरच्या दशकात कळू लागला होता. ती मुले लाखात एखादे. येथे तशीच उणीव, कमी प्रमाणात का होईना, अन्नाच्या अभावी हजारो मुलांत निर्माण होत होती.

हे १९७२ साल महाराष्ट्राला निराळ्या कारणाने आठवते. मराठवाडा, नगर, सोलापूर करपून गेले होते. लोक खडी फोडीत होते, परदेशी मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खात होते, कामांवर सुकडी वाटली जात होती. सुकडीच्या त्या मुठीने पोटाला आधार दिला असे आपण म्हणतो. तीच मूठ रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या पोटीही जात होती, हे त्या वर्षी हैदराबादेत कागदावर उतरत होते.

पुढे, १९७५ मध्ये, डॉ. भास्करम आणि डॉ. विनोदिनी रेड्डी ह्यांनी लोह कमी असलेल्या रक्तक्षयी मुलांची तपासणी करून दाखविले की त्यांच्यात टी-पेशींचे काम मंद असते आणि पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकदही उणी असते. म्हणजे अन्न पोटभर असले तरी त्यात एक घटक कमी पडला की पहारा ढिला होतो. बायकांचा आणि मुलांचा पांढुरका चेहरा आपल्याकडे इतका नित्याचा आहे की त्याला कोणी आजार समजत नाही. म्हणून हा शोध मला फार मोलाचा वाटतो.

सगळेच शोध असे सरळ जात नाहीत. अ जीवनसत्त्वाची कथा पाहा. ते कमी पडले की मुलांना रातांधळेपणा येतो, पुढे डोळे जातात. हैदराबादच्या संस्थेच्या प्रयोगांनंतर १९७० मध्ये मुलांना ह्या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ठराविक अंतराने पाजण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. १९८६ मध्ये इंडोनेशियातून वार्ता आली की अशा मात्रेने मुलांचे मृत्यूच सुमारे एक-तृतीयांशाने घटले. १९९० मध्ये तमिळनाडूत दर आठवड्याला लहान मात्रा देऊन मृत्यू निम्म्याहूनही कमी झाल्याचे दिसले. त्याच वर्षी हैदराबादच्या संस्थेने आसपासच्या खेड्यांतील आपला प्रयोग जाहीर केला: सहामाही मोठ्या मात्रेने मृत्यूंत काहीही फरक नाही! जगाला हे रुचले नाही. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लक्ष मुलांवरील प्रयोगाचा निकाल लागला; त्यातही मोठा लाभ दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. गोपालन ह्यांचा कल आयुष्यभर औषधाच्या चमच्यापेक्षा भाजीपाला, दूध आणि डाळ ह्यांच्याकडे होता, आणि मला स्वतःला तो कल शहाणपणाचा वाटतो.

गोवराचे आणखी एक. १९०८ मध्येच व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी पाहिले की क्षयाच्या चाचणीला प्रतिसाद देणाऱ्या मुलाला गोवर आला की काही काळ त्याचा हात निमूट होतो. म्हणजे रोग स्वतःही पहारा उठवू शकतो. आणि आपण काय करतो? गोवर आलेल्या मुलाचे अन्न तोडतो. तेल नको, डाळ नको, पेजेवर ठेवा. एका हाताने रोग पहारेकरी उठवितो, दुसऱ्या हाताने आपण त्यांची शिधासामग्री बंद करतो.

येथवर प्रतिकाराची उणीव म्हणजे जंतूंना मोकळे रान, एवढाच अर्थ आपण घेतला. परंतु ब्रुटनच्या मुलासारखे रुग्ण पुढे वाचू लागले, मोठे होऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांचा प्रतिकार उणा, त्यांच्यापैकी काहींचा देह स्वतःच्याच अवयवांवर उठतो. स्वतःच्या रक्तपेशी फोडतो, सांध्यांवर चाल करतो, आतड्यांना सूज आणतो. दुबळा माणूस एकाच वेळी दुबळा आणि भांडखोर कसा?

उत्तर पुन्हा थायमसमध्येच सापडले. १९६९ मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या पिलांची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. ती पिले मिलरच्या पिलांसारखी मेली नाहीत. त्यांच्या देहांनी स्वतःच्याच अंडकोशांचा नाश केला. ह्याचा अर्थ लागावयास बराच काळ गेला. ह्या शाळेतून झुंजणाऱ्या पेशी बाहेर पडतात, तशाच त्यांना आवरणाऱ्या पेशीही पडतात, आणि आवरणाऱ्यांची तुकडी थोडी उशिरा निघते. तिसऱ्या दिवशी शाळा बंद केली तर झुंजणारे निघून गेलेले, आवरणारे आतच राहिलेले! शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ मध्ये ह्या आवरणाऱ्या पेशी निश्चित ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी त्यांच्यामागचे जनुक शोधले. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, अतिसार आणि त्वचारोग एकदम ग्रासतात. ह्या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिकार म्हणजे मारण्याचे बळ तसेच थांबण्याचेही बळ. उणीव कोठे पडली ह्यावर रोगाचे रूप ठरते.

आणि कर्करोग? व्हिस्कॉट ह्या जर्मन बालवैद्याने १९३७ मध्ये एका घरातील तीन भावांचे वर्णन केले. बहिणी धडधाकट, भावांना मात्र इसब, रक्तस्राव आणि वारंवार जंतुबाधा. आल्ड्रिच ह्यांनी १९५४ मध्ये हा रोग आईकडून मुलग्यांत उतरतो असे दाखविले. असे रुग्ण जगू लागल्यावर त्यांच्यांतील काहींच्या अंगी स्वतःच्याच रक्तपेशींवर उठणारा रोग दिसला आणि काहींना लसीका ग्रंथींचा कर्करोग झाला. एकाच कुळात तिन्ही संकटे. साठीच्या दशकात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेल्या रुग्णांना, ते परके अवयव देहाने झिडकारू नयेत म्हणून, प्रतिकार दडपणारी औषधे देऊ लागले. त्या दशकाच्या अखेरीस ह्या रुग्णांत लसीका ग्रंथींचे कर्करोग अपेक्षेहून पुष्कळ अधिक असल्याचे दिसले.

ह्यावरून प्रतिकारक पेशी रोजच्या रोज देहात उगवणारा प्रत्येक कर्करोग खुडून टाकतात, असे एक आकर्षक मत पसरले. ते पूर्णपणे खरे ठरले नाही. १९७४ मध्ये ओसियास स्टुटमन ह्यांनी जन्मतः थायमस नसलेल्या, केस नसलेल्या उंदरांना कर्करोगकारक रसायन टोचले; त्यांना इतर उंदरांपेक्षा अधिक गाठी झाल्या नाहीत. आज दिसते ते असे की उणीव असलेल्या माणसांत सर्वांत अधिक वाढतात ते विषाणूंच्या आश्रयाने वाढणारे कर्करोग. एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या देहात जन्मभर मुकाट पडून असतो, कारण टी-पेशी त्याच्यावर नजर ठेवतात. नजर हटली की तो ज्या पेशीत लपलेला, ती पेशी बेसुमार वाढू लागते. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्याला होणाऱ्या बर्किटच्या कर्करोगात ह्या विषाणूला वारंवारच्या हिवतापाची साथ असते. हिवताप डासांतून पसरतो ह्याचा पुरावा रोनाल्ड रॉस ह्यांना १८९७ मध्ये आपल्याच सिकंदराबादजवळ, बेगमपेठेत, डासाच्या जठरात सापडला, हे श्रोत्यांना ठाऊक आहेच.

भूक आणि ह्या तीन संकटांचे नाते दाखविणारी आणखी एक हकीगत आहे, आणि ती मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांपासून सुरू होते. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ मध्ये गरोदर कामकरी स्त्रियांना होणाऱ्या भयंकर पांडुरोगाचा शोध घ्यावयास मुंबईस आल्या. मधल्या काळात त्यांनी कुन्नूरलाही काम केले. यीस्टच्या अर्काने हा पांडुरोग बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखविले. अर्कातील तो घटक म्हणजे पुढे फोलिक आम्ल म्हणून प्रसिद्ध झालेले जीवनसत्त्व. भीमावरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तेथे ते चाळिशीच्या दशकात कृत्रिम रीत्या तयार झाले. मग ह्याच आम्लासारखे दिसणारे पण पेशींना फसविणारे द्रव्य तेथे बनले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फोलिक आम्ल फार लागते. खोटे आम्ल दिले की त्यांची उपासमार होते. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांनी ते रक्तकर्करोगाच्या मुलांना दिले आणि रोग काही काळ हटला. १९५१ मध्ये तेच द्रव्य सांधेदुखीच्या, म्हणजे देह स्वतःवर उठलेल्या, रोग्यांना दिले गेले आणि सूज उतरली. त्याचेच भावंड, मेथोट्रेक्सेट, आज संधिवाताच्या असंख्य रोग्यांच्या घरी आठवड्यातून एकदा घेतले जाते. ते घेणाऱ्यांपैकी क्वचित कोणाला लसीका ग्रंथींचा कर्करोग होतो, आणि त्यांतील काहींत केवळ औषध थांबविल्याने तो मावळतो. पहारेकऱ्यांना मोजून मापून उपाशी ठेवले तर घरातले भांडण थांबते. जरा अधिक उपाशी ठेवले तर चोर शिरतो. गरिबाच्या मुलाची उपासमार मात्र कोणी मोजून केलेली नसते.

१९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाच्या विरळा जंतूमुळे न्यूमोनिया झाल्याची बातमी प्रसिद्ध झाली, आणि एड्स ह्या रोगाची ओळख जगाला पटली. न्यूमोसिस्टिस हे नाव तरुणांच्या संदर्भात नवे होते. मध्य युरोपातील बालवैद्यांना ते जुने होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनाथालयांत अपुऱ्या दिवसांची, उपाशी तान्ही मुले ह्याच न्यूमोनियाने मेली होती, आणि १९५२ मध्ये प्रागच्या संशोधकांनी त्यांच्या फुप्फुसांत हाच जंतू दाखविला होता. एकीकडे भूक, दुसरीकडे विषाणू. मोडले ते एकच दार. एड्सच्या रोग्यांनाही लसीका ग्रंथींचे कर्करोग झाले, आणि त्यांच्यांतही मँटू चाचणीचा हात निमूट राहिला.

भारतात हा विषाणू १९८६ मध्ये मद्रासला प्रथम सापडला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे; मद्रासमध्ये कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यातल्या. आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिच्याकडून त्यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा करविले. हा रोग आपल्या देशात येणारच नाही असे तेव्हा अधिकारी मंडळी छातीठोकपणे सांगत होती. नमुन्यांनी निराळेच सांगितले. १९९३ मध्ये डॉ. सुनीतींनी वडिलांच्या नावाने एड्सच्या रुग्णांसाठी संस्था काढली. २०१५ मध्ये त्या वारल्या. पुढील वर्षांत ज्या सहा राज्यांत हा रोग सर्वांत अधिक आढळला, त्यांत महाराष्ट्र होता आणि अविभक्त आंध्र प्रदेशही होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे मोफत देण्यास आरंभ केला. ह्या रोग्यांना आपल्याकडे सर्वांत अधिक गाठतो तो क्षय, आणि ज्यांच्या घरी चूल नीट पेटत नाही त्यांना अधिक लवकर गाठतो.

जन्मजात उणीव असलेल्या मुलांसाठी आज मुंबईत, परळला, रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था तपासणी करते. परक्याचा अस्थिमज्जा बसवून त्यांतल्या काहींना पुरते बरे करता येते. एड्सच्या रोग्याला रोजच्या गोळ्यांवर दीर्घ आयुष्य मिळते. भुकेतून आलेली उणीव ह्या सर्वांत संख्येने मोठी, आणि तिचे औषध किराणा मालाच्या दुकानात मिळते. पण तेही आपल्या सवडीने लागू पडत नाही. १९९० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात, कोचाबाम्बा येथे, कुपोषित मुलांच्या थायमस ग्रंथीचे माप ध्वनिलहरींच्या यंत्राने आठवड्या-आठवड्याला घेण्यात आले. नीट खाऊ घातल्यावर मुलाचे वजन सुमारे महिन्याभरात भरले. चेहरा हसरा झाला, सूज ओसरली, आई घरी जाण्याची घाई करू लागली. यंत्रावर ग्रंथी अजून लहानच होती. तिला पूर्ववत् व्हावयास सुमारे दोन महिने लागले. महिन्याने घरी गेलेले मूल दिसावयास बरे, पण पहारा अर्धाच बसलेला. आणि तेच मूल पुन्हा जुलाब घेऊन, न्यूमोनिया घेऊन, त्याच इस्पितळाच्या त्याच खाटेवर परत येत असे.